शिकवलेलं टिकावं म्हणून: वर्गातला परवचा

सातवीचा वर्ग, अपूर्णांकांची बेरीज. फळ्यावर चार उदाहरणं सोडवली, मागे वळले आणि विचारलं, "समजलं का?" वर्ग एका सुरात म्हणाला, "होऽऽ बाई!" मी खडू ठेवला, हात झटकले आणि खुशीत ऑफिसात गेले. पुढच्या आठवड्यात त्यातलंच एक उदाहरण पाटीवर सोडवायला दिलं. निम्म्याहून जास्त पाट्यांवर १/२ + १/३ = २/५.

माझी पहिली प्रतिक्रिया चिडण्याची होती, हे कबूल करते. लक्ष देत नाहीत, घरी वही उघडत नाहीत, वगैरे. पण मुलं त्या दिवशी खोटं बोलली नव्हती, त्यांना खरंच समजलं होतं. समजणं आणि आठवड्यानं आठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मी फक्त पहिलीची सोय केली होती. डी.एड.ला मानसशास्त्राचा पेपर होता. त्यात व्याख्या पाठ केल्या, गुणही बरे पडले, पण सोमवारी वर्गात गेल्यावर नेमकं काय करायचं ते त्यात नव्हतं. ते पुढं वाचत आणि चुकत शिकले. त्यातलं जे रोज वापरते तेवढंच इथं मांडते. उदाहरणं गणिताची जास्त आहेत, कारण मी तेच शिकवते.

आधी थोडं विसरण्याविषयी

१८८५ साली हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकानं स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरगट पाठ करायचे आणि किती वेळानं किती उरतात ते मोजायचं. तासाभरातच निम्म्याहून जास्त गेलेलं असायचं, मग विसरण्याचा वेग मंदावायचा. त्यानं एक तुलनाही केली होती. अर्थ असलेल्या कवितेची कडवी पाठ करायला त्याला निरर्थक अक्षरांच्या मानानं सुमारे दहावा हिस्साच श्रम पडले. म्हणजे अर्थ समजावून देण्यात आपण घालवतो तो वेळ वाया जात नाही. तो पुरेसा मात्र नाही.

दुसरा प्रयोग २००६ चा, अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिकी यांचा. विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी तपासलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानं तपासलं तर पारडं फिरलं. वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के.

त्यातली पाच मिनिटांची गोष्ट शिक्षकांना फसवते. तास संपताना वर्ग छान उत्तरं देतो आणि आपण धडा 'झाला' म्हणून टाचणात, म्हणजे पाठाच्या आराखड्यात, खूण करतो. पण स्मरण पक्कं होतं ते डोक्यातून ओढून काढताना, आत भरताना तितकं नाही. ओढून काढायला थोडा जोर लागला पाहिजे, म्हणजे मध्ये थोडं विसरायलाही झालं पाहिजे.

आपल्या घरांतून हे होतंच. दिवेलागणीला परवचा म्हटला जायचा. पाढे, पावकी, निमकी, श्लोक. रोज, आणि पुस्तक न उघडता. या दोन्ही गोष्टी बरोबर होत्या. चुकायचं ते क्रमात. 'सात आठे' विचारलं की 'सात एके सात'पासून सुरुवात करून छप्पनपर्यंत यावं लागणारी मुलं तुम्हीही पाहिली असतील. आपल्याला वर्गात परवचा हवा आहे, पण क्रम मोडलेला आणि अर्थ असलेला.

पायरी पहिली: तासाची पहिली सहा मिनिटं

वर्गात गेल्या गेल्या फळ्यावर चार प्रश्न लिहा. हजेरी होईपर्यंत मुलं ते सोडवतात, त्यामुळे वेळ कुठून काढायचा हा प्रश्नच येत नाही. पुस्तकं बंद, उत्तरं पाटीवर किंवा कच्च्या वहीच्या मागच्या पानावर. चार प्रश्नांची वाटणी ठरलेली: एक कालचा, एक गेल्या आठवड्यातला, एक महिन्यापूर्वीचा आणि एक आजच्या धड्याला लागणारा.

समजा आज दशांश अपूर्णांकांचा लहानमोठेपणा घ्यायचा आहे. मग प्रश्न असे: ३/१० दशांश रूपात लिहा (काल). १/२ + १/३ किती? (गेला आठवडा). ५६ चे सगळे विभाजक लिहा (महिन्यापूर्वी). शंभरातले पन्नास म्हणजे दहातले किती? (आजसाठी). चौथा प्रश्न बिनमहत्त्वाचा वाटेल, पण आजचा अख्खा तास त्यावर उभा आहे. तो पाच-सहा जणांचा जरी चुकला, तर आजचं टाचण बाजूला ठेवून आधी ते घ्यायचं.

मग उत्तरं तिथंच, दोन मिनिटांत. ज्यानं त्यानं आपलं तपासायचं. चूक पुसायची नाही, शेजारी बरोबर उत्तर लिहायचं.

आणि गुण नाहीत. यावर मी हट्टी आहे. आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या, नोंदवहीत हे चार प्रश्न कधीही चढवू नका. गुण लागले की मूल आठवायचं सोडून शेजाऱ्याकडे बघतं, आणि मग आपल्या हातात येतं ते शेजाऱ्याचं डोकं. धाकाचंही तसंच. डोक्यातली जी थोडीशी जागा उत्तर शोधायला हवी असते, ती 'बाई काय म्हणतील' या विचारानं अडते. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं मनाई आहेच, पण 'एवढंही येत नाही?' हे वाक्य कुठल्याही कलमात न सापडता वर्ग गप्प करून टाकतं. पहिला आठवडा मुलं पाटी तळव्यानं झाकतात. "हा पेपर नाही, डोक्याला व्यायाम आहे" असं चार-पाच दिवस सांगत राहिलं की हात निघतात.

गणित नसेल तर 'कोरा कागद' घ्या. पचनसंस्था शिकवून तीन दिवस झाले की अर्धं पान द्यायचं: "पाच मिनिटं, आठवेल ते सगळं, चित्र काढलं तरी चालेल." मग पुस्तक उघडायचं आणि राहून गेलेलं दुसऱ्या रंगाच्या पेनानं भरायचं. तो दुसरा रंग म्हणजे घरच्या अभ्यासाची यादी. 'धडा पुन्हा वाचून या' यापेक्षा मुलाला ती यादी जास्त उपयोगी पडते.

पायरी दुसरी: प्रश्न, गप्प बसणं, मग नाव

आपली सवय उलटी असते. "सांग रे, समान छेद म्हणजे काय?" नाव आधी घेतलं की उरलेला वर्ग सुटला. आधी प्रश्न, मग शांतता, मग नाव.

शांततेचं म्हणाल तर मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेनं वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासली होती. शिक्षक प्रश्न विचारून साधारण एकच सेकंद थांबत. तोच वेळ तीन सेकंदांपर्यंत नेला की उत्तरं लांबली, 'माहीत नाही' कमी झालं, एरवी न बोलणारी मुलं बोलू लागली. तीन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात. वर्गात उभं राहून थांबून बघा, युग वाटतं. मी मनात 'एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन' म्हणते आणि खडूचा तुकडा बोटांत फिरवते, म्हणजे तोंड उघडत नाही.

नावासाठी आइस्क्रीमच्या काड्या. प्रत्येकीवर एक नाव, सगळ्या एका डब्यात. काढलेली काडी परत डब्यातच टाकायची. बाजूला ठेवली तर 'माझं झालं' म्हणून ते मूल दिवसभर निवांत. काडी निघाली आणि उत्तर आलं नाही तर ओरडायचं नाही, सोडूनही द्यायचं नाही. दुसऱ्याकडून उत्तर घ्यायचं आणि पुन्हा त्याच मुलाकडे यायचं: "आता तू तुझ्या शब्दांत."

सगळ्या वर्गाचं एकदम बघायचं तर पाटी. "लिहा. उलटी धरा. एक, दोन, तीन, वर!" तीस पाट्या एका नजरेत दिसतात. या कामासाठी बाजारात पांढरे छोटे फळे मिळतात, पण आपली पाटी त्याच्या किती पिढ्या आधीची. कोरसमध्ये 'होऽऽ बाई' म्हणता येतं, पाटीवर लिहिता येत नाही.

पायरी तिसरी: चुकीचं उत्तर आधी तयार ठेवा

इथं जरा थांबते, कारण माझं शिकवणं सर्वांत जास्त बदललं ते इथं.

०.३५ मोठं की ०.५? हा प्रश्न पाट्यांवर टाकून बघा. चांगल्या चांगल्या पाट्यांवर ०.३५ दिसेल. ही चूक निष्काळजीपणाची नाही. मुलाकडे एक नियम आहे, तो पूर्ण संख्यांवर चौथीपर्यंत बिनचूक चालला आहे: ३५ पाचापेक्षा मोठे. आणि त्या नियमाला खतपाणी आपणच घालतो. आपण वाचतो काय? 'शून्य पॉइंट पस्तीस'. कानावर पस्तीस पडलं की डोक्यात पस्तीसच उमटणार.

मी पहिल्यांदा रुपयांनी समजवायला गेले. बाजार मुलांच्या ओळखीचा, वाटलं लगेच कळेल. झालं उलटंच. एका मुलीनं ठामपणे सांगितलं, "बाई, शून्य पॉइंट पाच म्हणजे पाच पैसे, आणि हे पस्तीस पैसे." तिचं तिच्या नियमानं अगदी बरोबर होतं. रुपयांत आपण नेहमी दोन घरं लिहितो, ०.५० लिहितो, म्हणून ०.५ तिला पाच पैसे दिसले. ओळखीचं उदाहरण म्हणजे सोपं उदाहरण असं नसतं, हे मला त्या दिवशी कळलं.

आता आलेख कागद वापरते. दहा बाय दहाचा चौकोन, शंभर घरं. ०.५ म्हणजे दहातले पाच उभे पट्टे, रंगवा. शेजारच्या चौकोनात ०.३५, म्हणजे तीन पट्टे आणि वर पाच सुटी घरं. दोन्ही शेजारी ठेवले की मूल स्वतःच म्हणतं, "अरे, हे पन्नास आहे." आणि वाचताना 'शून्य पॉइंट तीन पाच', कटाक्षानं.

अपूर्णांकांच्या बेरजेचंही तसंच. २/५ लिहिणारं मूल वरच्याची वर, खालच्याची खाली बेरीज करतं, कारण त्याला ते चार वेगळे अंक दिसतात. नियम पुन्हा सांगून ते हटत नाही. मी विचारते, "अर्धी भाकरी खाल्ली, मग आणखी एक तृतीयांश खाल्ली. एकूण अर्ध्याहून जास्त की कमी?" जास्त. "मग २/५ अर्ध्याहून जास्त की कमी?" इथं वर्ग शांत होतो. ती शांतता मोडू नका. मुलाला स्वतःच्या उत्तरातली विसंगती दिसते आहे, त्याला ती बघू द्या. समान छेद त्यानंतर.

म्हणून टाचण लिहिताना दोन ओळी जास्त लिहा: या धड्यात मुलं कुठं चुकतील आणि का. मग धड्याच्या मध्यावर एक बहुपर्यायी प्रश्न, ज्याचा प्रत्येक चुकीचा पर्याय एका खऱ्या गैरसमजातून आलेला असेल. मुलांनी छातीपाशी एक ते चार बोटं धरायची, म्हणजे मागच्याला पुढच्याची दिसत नाहीत. बहुतेकांची बोटं बरोबर असली तर पुढे चला. अर्ध्यांची चुकली तर कोणत्या पर्यायावर चुकली ते बघा, पुन्हा काय समजवायचं ते त्या बोटांतच लिहिलेलं असतं.

पायरी चौथी: लग्नपत्रिका आणि पाच खोकी

महिन्यापूर्वीचा प्रश्न कोणता घ्यायचा हे लक्षात कसं ठेवणार? त्याची युक्ती झेबास्टियान लाइटनर या जर्मन लेखकानं १९७० च्या दशकात सुचवली, ती मी वर्गापुरती बदलून घेतली आहे.

पाठकोरी कार्डं लागतात. लग्नसराई संपली की मुलांना घरातल्या जुन्या पत्रिका आणायला सांगा. जाड कागद, एक बाजू बहुधा कोरी, कापून मस्त कार्डं होतात. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या कोपऱ्यात पेन्सिलीनं उत्तर. खोकी चपलांच्या दुकानातून मिळतात.

नवं कार्ड पहिल्या खोक्यात, ते रोज विचारायचं. वर्गातल्या बहुतेकांना आलं की दुसऱ्यात, ते दोन दिवसांआड. तिसरं आठवड्यातून एकदा, चौथं पंधरा दिवसांनी, पाचवं महिन्यानं. कोणत्याही खोक्यात वर्ग अडखळला की कार्ड सरळ पहिल्या खोक्यात परत. परत पाठवताना मुलं हळहळतात, त्यात मजा असते. खोकी सांभाळायचं काम वर्गात ज्याचा पाय टिकत नाही त्याला द्या.

याचा एक उपयोग मला नंतर कळला. ऊसतोडीला आईबापांबरोबर गेलेली मुलं मार्च-एप्रिलला परत येतात तेव्हा 'काय काय झालं' याचं उत्तर एरवी आमच्याकडे नसतं, अख्खं पुस्तक त्यांच्यापुढं ठेवणं म्हणजे चेष्टा. खोकी असतात. तिसऱ्या खोक्यापासून सुरू करा, जोडीला एक मूल द्या. काय येतं, काय नाही हे दोन दिवसांत स्पष्ट होतं. सगळं भरून निघत नाही, पण सुरुवात कुठून करायची ते कळतं.

पायरी पाचवी: सरावसंच ढवळा

पाठ्यपुस्तकातला सरावसंच एकाच प्रकारच्या उदाहरणांचा असतो. पहिलं सुटलं की बाकीची त्याच साच्यात पडतात. मूल फक्त आकडे बदलतं, कोणती रीत वापरायची याचा विचार करायची वेळच येत नाही. परीक्षेत मात्र मथळा नसतो.

रोरर आणि टेलर यांनी २००७ मध्ये घनफळाच्या उदाहरणांवर हे तपासलं. एकेक प्रकार सलग सोडवणाऱ्यांची सरावाच्या वेळी ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, मिसळून सोडवणाऱ्यांची ६०. आठवड्यानंतरच्या चाचणीत सलगवाले २० टक्क्यांवर आले आणि मिसळवाले ६३ वर. हे आकडे पालकांच्या सभेत मी फळ्यावर लिहिते, कारण "गृहपाठात हल्ली जास्त चुका येतात" ही तक्रार पहिल्या महिन्यात हमखास येते.

करायचं इतकंच: नवी रीत शिकवल्यावर पहिली तीन-चार उदाहरणं सलगच घ्या, इथं मिसळू नका. मग गृहपाठ आठ उदाहरणांचा, त्यातली तीन आजची, पाच जुन्या संचांतली, क्रम विस्कटलेला. नवी पुस्तकं, नव्या कार्यपुस्तिका काही लागत नाहीत. 'संच १२ मधलं २, संच ७ मधलं ५' असं फळ्यावर लिहिलं की झालं. कधीकधी सोडवायला सांगूच नका, फक्त कोणती रीत लागेल ते लिहायला सांगा.

नवा धडा शिकवताना

डोक्यात एका वेळी नवी माहिती फार मावत नाही, चारेक गोष्टी धरून चाला. म्हणून आकृतीतल्या भागांना अ, ब, क अशी अक्षरं देऊन नावांची यादी खाली लिहू नका. डोळे वरखाली करण्यातच जीव जातो. नाव त्या भागाशेजारीच लिहा. मुलं फळ्यावरून उतरवून घेत असताना बोलू नका, दोन्ही एकदम होत नाही. नव्या रीतीचं पहिलं उदाहरण पूर्ण सोडवून दाखवा, दुसऱ्यातली शेवटची पायरी मुलांना द्या, तिसऱ्यातल्या शेवटच्या दोन, असं मागून पुढं सोडत या.

शाबासकी आणि लाल शेरा

१९९८ मध्ये म्युलर आणि ड्वेक यांनी दाखवलं की 'हुशार आहेस' म्हणून वाखाणलेली मुलं पुढच्या अपयशानंतर लवकर ढेपाळली, 'मेहनत केलीस' ऐकलेली टिकून राहिली. यावरून पुढं 'मेहनतीनं बुद्धी वाढते' असं मुलांना सांगणाऱ्या कार्यक्रमांचं आणि भिंतीवरच्या घोषणांचं पीक आलं. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत अशा कार्यक्रमांचा परिणाम लहानच दिसला, तेव्हा घोषणा रंगवायच्या भानगडीत पडू नका. नेमकं काय बरं केलं ते सांगा: "छेद समान करायच्या आधी उत्तराचा अंदाज घेतलास, ते छान."

शेरे लिहिणार असाल तर त्याच पानावर गुण देऊ नका. रूथ बटलर यांच्या १९८८ च्या अभ्यासात नुसता शेरा मिळालेली मुलं सुधारली. शेरा आणि गुण दोन्ही मिळालेल्यांच्या बाबतीत शेरा फुकट गेला. आपल्या वर्गात वेगळं काय होतं? वही हातात पडली की आधी आकडा, मग शेजाऱ्याचा आकडा, मग वही दप्तरात.

एका प्रशिक्षणात आम्हाला मुलांची दृक्, श्राव्य आणि कृतिशील अशी विभागणी करून तक्ता भरायला लावला होता. मी तो मन लावून भरला. मुलाच्या 'शैली'प्रमाणे शिकवल्यानं शिकणं सुधारतं, याला पुरेसा पुरावा नाही असा निष्कर्ष पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये सगळे अभ्यास चाळून काढला आहे. चित्रं, बोलणं, हातानं करणं हे सगळं सगळ्यांना द्या. तक्ता भरायचा वेळ कार्डं कापण्यात घाला.

दोन वर्ग, एक शिक्षक

बहुवर्ग शाळेत हे जास्तच सोपं जातं. सहावीला कोरा कागद दिला की ती पाच-सात मिनिटं तुम्ही सातवीच्या आहात. सातवी खोक्यातली कार्डं जोडीनं विचारत बसली की सहावीकडे या. चौथीचे पाढे पाचवीनं विचारावेत, क्रम मोडून. विचारणाऱ्याचेही पक्के होतात.

सगळं एकदम सुरू करू नका. जूनमध्ये फक्त चार प्रश्न. जुलैत काड्या आणि पाट्या. पोळ्याच्या सुमारास खोकी. पहिले तीन आठवडे उत्तरं वाईट येतील, तुम्हाला वाटेल वर्ग मागे चालला. महिन्यापूर्वीच्या प्रश्नावर किती पाट्या बरोबर आल्या एवढाच आकडा दर शुक्रवारी टाचणवहीच्या मागे लिहा. हालचाल तिथं दिसते, पण सावकाश.

एप्रिलअखेर जी कार्डं पाचव्या खोक्यापर्यंत पोचली नाहीत, त्यांना रबर लावून मी आठवीच्या सरांकडे देते. गेल्या वर्षीच्या गठ्ठ्यात सर्वांत वर होतं, '०.३५ मोठं की ०.५?'